उन्हावर सगळाच आळ घेऊ नका

पुरंदर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची दीड एकर अंजिराची बाग, बांधाला सीताफळ, दोन वर्षांपासून थोडी शेवंती. घरात यजमान, सासूबाई, नववीतली मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. सगळ्यांचा दिवस उघड्यावरच जातो. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ताईंच्या गालांवर वांगाचे डाग आले. ओळखीच्या एका बाईंनी सुचवलेली क्रीम त्या आठ महिने लावताहेत. पहिले दोन महिने चेहरा उजळला. आता दोन दिवस लावली नाही तर आग होते, लाली येते, बारीक फोड उठतात. यजमानांच्या पापण्यांना, मानेला आणि कोपराच्या खळग्यांत पावसाळा लागला की भयंकर खाज सुटते. त्यांच्या मते त्यांना ऊन आणि फवारणी बाधते. अंजिराच्या तोडणीत दोघांच्याही हातांवर भाजल्यासारखे पट्टे उठतात. मुलाच्या गालांवर पांढुरके डाग आहेत. मुलगी आठशे मीटर धावते, रोज सकाळी सहाला मैदानावर असते. 'रापून काळी पडली' म्हणून आजी तिला लिंबू-बेसन लावते, आणि गेल्या आठवड्यात ती आईचीच क्रीम गुपचूप लावताना सापडली. ताईंचे प्रश्न दोनच: चौघांना चालेल असं एक चांगलं सनस्क्रीन कोणतं? आणि मुलीचं धावणं काही दिवस बंद करावं का?

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दात संपतं: नाही. पहिल्याला वेळ लागेल, कारण तुम्ही मागितलंय एक सनस्क्रीन आणि पत्रात आहेत निदान पाच वेगवेगळ्या भानगडी. त्या सगळ्या तुम्ही उन्हाच्या खात्यावर मांडल्यात. घरातले सगळे उन्हात असतात आणि सगळ्यांच्या कातडीला काही ना काही झालंय, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. पण यातल्या दोन गोष्टींत ऊन फक्त साथीदार आहे, आणि एकीत तर त्याचा हात जवळपास नाहीच.

सगळ्यात आधी ती ट्यूब. हे वाचून झालं की ती हातात घ्या आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. मला वाटतं तीन नावं सापडतील: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, आणि तिसरं मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असं काहीतरी. हे तिसरं म्हणजे स्टेरॉइड. अशी तीन औषधांची क्रीम वांगावर डॉक्टर देतातही, पण मोजक्या आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून. ती फेअरनेस क्रीम नाही. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, कारण स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, लाली दाबतं आणि रंगद्रव्य तयार होणं मंदावतं. पुढे तेच कातडी पातळ करतं. बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, गालांवर लव वाढते, आणि क्रीम बंद केली की चेहरा पेटतो. मग बाईला वाटतं, 'बघा, ही लावली नाही की त्रास होतो, म्हणजे हीच मला मानवते.' तुमच्या पत्रात जवळजवळ हेच वाक्य आहे. ताई, तुम्हाला ती मानवत नाहीये. कातडीला तिची सवय लागलीय.

हायड्रोक्विनोनचाही असाच हिशेब. वर्षानुवर्षं लावत राहिलं तर काहींच्या गालांवर निळसर-काळा डाग धरतो, आणि तो मूळच्या वांगापेक्षा जास्त चिवट असतो.

स्टेरॉइड असलेल्या बहुतेक क्रीम २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. ट्यूबवर आरएक्सची खूण आणि तसा इशारा छापलेला असतो. तरी मेडिकलच्या काउंटरवर त्या 'ती गोरं करणारी द्या' म्हटलं की मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. नायट्याचंही तेच. खाज, बुरशी, जंतू सगळ्यांवर एकच रामबाण म्हणून जी क्रीम हातात पडते, तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते आणि महिन्याभरात कमरेचा नायटा मांडीवर येतो. दिवसभर घामात, घट्ट कपड्यांत काम करणाऱ्या कितीतरी घरांत हे चाललंय. इतर वाचकांनीही आपल्या घरातल्या ट्यूबा एकदा उलटून वाचाव्यात. शेवटी 'सोन', 'सोल', 'सोलोन' असं ऐकू येणारं नाव असेल (बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन), तर ती चिठ्ठीशिवाय लावायची नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता करायचं काय? मुलीनं नुकतीच सुरुवात केलीय; तिची आजपासून बंद. तुम्ही मात्र आठ महिने लावलीय, तेव्हा तुमची कशी उतरवायची हे त्वचारोगतज्ज्ञांना ठरवू द्या. कधी लगेच बंद करून वरून आग शमवणारं औषध देतात, कधी पायरीपायरीनं खाली आणतात. जाताना ट्यूब बरोबर न्या, लपवू नका. ती बघितल्याशिवाय डॉक्टरला अर्धंच कळतं. तोवर चेहऱ्याला सौम्य साबण, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि बाकी नवं काही नाही. पुढचे काही आठवडे चेहरा आतापेक्षा वाईट दिसेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण नेमक्या याच दिवसांत बायका घाबरून पुन्हा त्या ट्यूबकडे वळतात.

अंजिराबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तालुकाच अंजिराचा आहे आणि हे पट्टे तुमच्या एकट्यांच्या घरात नक्कीच नाहीत. पानं, कोवळे शेंडे आणि देठ यांतून जो पांढरा चीक गळतो, त्यात सोरॅलेन नावाच्या जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर पडली आणि त्यावर ऊन लागलं की भाजतं. नुसता चीक असा भाजत नाही, नुसतं ऊनही नाही. दोघं एकत्र आले की भाजतं. फसवी गोष्ट अशी की ते त्याच दिवशी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी लाली, दोन-तीन दिवसांत फोड, आणि मग आठवडे, कधी महिने टिकणारे तपकिरी पट्टे. सोमवारी तोडणी केली आणि बुधवारी फोड आले, तर माणूस बुधवारचं काय खाल्लं ते शोधत बसतो. यांची ओळख त्यांच्या आकारात असते. चिकाचा ओघळ जिथून गेला तशी रेघ, पान घासलं तसा फराटा, चिकाच्या हातानं मान खाजवली तर चक्क बोटांचे ठसे. चिकात फिसिन नावाचं एक पाचक द्रव्यही असतं, ते वेगळं. तोडणाऱ्यांच्या बोटांची सालं निघतात ती त्यानं. पिकलेलं अंजीर खायला काही भीती नाही, आडवा येतो तो पानांचा आणि देठांचा चीक.

म्हणून इथे सनस्क्रीनपेक्षा बाह्या कामाच्या. तोडणी आणि छाटणीला लांब बाह्यांचा जुना शर्ट, हातात रबरी मोजे, बांधावर पाण्याचा कॅन आणि साबणाची वडी. चीक लागला की लगेच साबणानं धुवायचा, 'घरी गेल्यावर धुऊ' नाही, कारण घरी जाईपर्यंत ऊन आपलं काम करून मोकळं झालेलं असतं. पट्टा उठलाच तर तो भाग झाकून ठेवा. फोड मोठे असतील तर दाखवा, सुईनं फोडू नका.

आता गंमत बघा. सासूबाई नातीला जे लिंबू लावतात, त्यातही याच कुळातली द्रव्यं असतात. लिंबू लावून, जेमतेम चेहरा धुऊन पोरगी उन्हात गेली, तर अंजिराच्या चिकानं जे तुमच्या हाताला होतं, तेच तिच्या गालाला होऊ शकतं. गोरं करायला लावलेल्या लिंबानं काळे डाग! आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवायचे, तेही याच गुणधर्मावर. तिथे रंग आणायचा असतो म्हणून मुद्दाम. सासूबाईंना हे बावचीचं उदाहरण सांगून बघा. त्यांच्या पिढीला बावची माहीत असते, आणि डॉक्टरीण काहीतरी नवं सांगतेय असं न वाटता गोष्ट पटते. बेसन राहू द्या, फक्त घासू नका. वजरीनं आणि घासणीनं रोज खरवडलेली कातडी उजळत नाही, उलट गडद होत जाते.

यजमानांचं दुखणं मला वेगळंच वाटतं. माझ्याकडे ऊन बाधतं म्हणून येणारे शेतकरी पुष्कळ, आणि त्यांची मी एकच जागा आधी बघते: कानामागची. ऊन जिथे पोचत नाही अशा जागा चेहऱ्यावर असतात. कानामागे, हनुवटीखाली, वरच्या पापणीच्या घडीत. उन्हाचा त्रास असेल तर या जागा सहसा सुटतात. हवेतून उडणाऱ्या कशाची ऍलर्जी असेल तर धूळ जशी कोपऱ्यात साचते तशी नेमकी इथेच खाज जास्त. तुम्ही लिहिलंय पापण्या, मान, कोपराचे खळगे, आणि तेही पावसाळा लागला की. पावसाळ्यात ऊन वाढतं की गवत? माझा संशय गाजरगवतावर आहे, ज्याला तुमच्याकडे काँग्रेस गवत म्हणत असतील. हे तण भारतात पहिल्यांदा नजरेस आलं ते पुण्यातच, १९५०च्या दशकाच्या मध्यात. बघता बघता ते देशभर गेलं, आणि त्यानं होणाऱ्या त्वचारोगाच्या वैद्यकीय नोंदींमध्येही पुण्याचं नाव सुरुवातीलाच लागतं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य परागातून, वाळलेल्या पानांच्या भुग्यातून उडत येऊन कातडीवर बसतं. वर्षानुवर्षं काही न होता अचानक एका वर्षी अंगावर उलटतं, म्हणून 'आजवर तर उपटत होतो' हा पुरावा धरता येत नाही. त्यात तुमची शेवंती याच सूर्यफुलाच्या कुळातली. एकाची ऍलर्जी असलेल्याला दुसरीनंही त्रास होऊ शकतो. दोन वर्षांपासून शेवंती आणि दुखणं कधीपासून, याचा हिशेब तुम्ही पत्रात दिलेला नाही. तो घालून बघा.

खात्री पॅच टेस्टनं होते: पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवतात आणि दोन दिवसांनी काढून वाचतात. खाजगी त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याची चौकशी करा. तोवर यजमानांनी गाजरगवताला हात लावायचा नाही, मोजे घालूनसुद्धा. ते काम दुसऱ्यानं करायचं, फुलोऱ्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर, अंग झाकून. उपटलेलं गवत बांधावर पेटवू नका, कारण ऍलर्जी असलेल्याला धूरही बाधू शकतो. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे असतात, कृषी खात्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. दिसले तर त्यांच्यावर फवारणी करू नका. संध्याकाळी घरी आल्यावर आधी आंघोळ, मग चहा. शेतातले कपडे घरातल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. फवारणीच्या औषधांनीही त्वचेला त्रास होतो, ती शक्यता मी खोडून काढत नाही. पण पापण्या सुजल्या म्हणून नुसती टोपी घालणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मुलाचे डाग बहुधा साधे आहेत. या वयात गालांवर कोरडे, अस्पष्ट कडांचे पांढुरके डाग पुष्कळ मुलांना येतात. ते जंतांचे नव्हेत, कॅल्शियमचे नव्हेत आणि कोडाचेही नव्हेत. आजूबाजूचा गाल उन्हानं गडद झाला की ते जास्त उठून दिसतात, एवढाच उन्हाचा संबंध. आंघोळीनंतर खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, काही महिन्यांत जातील. डाग खडूसारखा पांढराफटक होत असेल तर दाखवा. आणि एक गोष्ट सगळ्यांसाठीच: अंगावरच्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच जा. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर तो पूर्ण बरा होतो.

आता सनस्क्रीन. थोडं गणित करू. चेहरा, कान आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकी क्रीम लागते, म्हणजे साधारण एक ग्रॅम. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसातून दोनदाच धरलं तरी चौघांचे रोजचे आठ ग्रॅम झाले. ५० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरही पुरत नाही. हात-पाय अजून धरलेच नाहीत. शेतावरच्या कुटुंबाला हे परवडणारं नाही, म्हणून लोक वाटाणाभर लावतात आणि ट्यूबवर एसपीएफ (भाजणारं ऊन किती अडतं ते सांगणारा आकडा) ५० लिहिलंय म्हणून निर्धास्त फिरतात. वाटाणाभर क्रीमचं संरक्षण त्या आकड्याच्या आसपासही नसतं. तसंही, नीट लावलं तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के भाजणारे किरण अडवतो आणि ५० सुमारे ९८. या एका टक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ३०चीच क्रीम भरपूर लावा.

तेव्हा माझी वाटणी अशी. सनस्क्रीन रोज लागणार ते तुम्हाला, कारण वांग हा एकच असा त्रास आहे जो थोड्या उन्हानंही परत उसळतो. वांगाला ऊन कारण आहेच, पण बाळंतपण, हार्मोन्स, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्याची ठेवण हेही आहेत. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. वांगाला साधा दृश्य प्रकाशही चाळवतो, म्हणून तुम्ही पांढरी क्रीम घेण्याऐवजी त्वचेच्या रंगाची छटा असलेली, आयर्न ऑक्साइडवाली घ्या, पीए+++ (खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) लिहिलेली. मात्र चेहऱ्याची आग शमल्यावर, डॉक्टरांना विचारून. मुलीला स्पर्धेच्या दिवशी, उघड्या मैदानावर दुपार काढायची असेल तेव्हा लावा. यजमानांना आणि मुलाला कापड पुरेसं आहे.

आणि कापड म्हणजे काय, तेही बघा. गांधी टोपी टाळू झाकते. कान, नाक, मान उघडीच. चहूबाजूंनी चार बोटं रुंद काठ असलेली टोपी हवी, नाहीतर डोक्याला उपरणं गुंडाळून त्याचा शेव मानेवर सोडायचा. आपले म्हातारे मुंडासं बांधायचे ते काही हौसेनं नव्हे. विरळ विणीचा पांढरा सदरा घामानं भिजला की त्यातून बरंच ऊन आत येतं. दाट विणीचा, गडद रंगाचा कपडा त्याहून कितीतरी जास्त अडवतो. उकडतं, हे मान्य. मग सैल घ्या. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण प्रखर झाले असं समजायचं. त्या वेळेत करायलाच हवं असं काम किती आणि सवयीनं करतो ते किती, हे एकदा बसून ठरवा. ढग आले म्हणजे ऊन संपलं असंही नाही, किरणांचा बराच भाग ढगांतून खाली येतोच.

राहिली मुलगी. सकाळी सहा ते आठ हे दिवसातलं सगळ्यात सौम्य ऊन. ते टाळायला तिचं धावणं बंद करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ती रापलीय, हे खरं असेल. रापणं हा आजार नाही. उन्हात असलेल्या कातडीनं स्वतःसाठी उघडलेली ती छत्री आहे. सावळ्या त्वचेत हा आडोसा मुळातच जास्त असतो, म्हणून गोऱ्या लोकांइतका त्वचेचा कर्करोग आपल्याकडे आढळत नाही. (अजिबात होत नाही असं नव्हे, ओठावर, चेहऱ्यावर किंवा तळपायावर महिनाभरात न भरणारी जखम असेल तर ती दाखवायचीच. हे सासूबाईंनाही लागू.)

तुमच्या पत्रात तुम्ही आजीचं बोलणं लिहिलंय, मुलीचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. ती क्रीम तिनं का लावली, हे तुम्ही तिला विचारलंत का, हेही कळत नाही. कदाचित वर्गात कुणी काही बोललं असेल. कदाचित कुणीच काही बोललं नसेल. तिनं आपल्या आईला आठ महिने रोज रात्री आरशापुढे उभं राहून काहीतरी लावताना बघितलं असेल, बस्स. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही ती ट्यूब तिच्यासमोर बंद केलीत आणि चेहरा लाल असतानाही तिला शाळेत सोडायला गेलात, तर सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. सासूबाईंनी पुन्हा रंगाचा विषय काढला, तर एवढंच म्हणा की डॉक्टरीणबाईंनी लिंबू बंद करायला सांगितलंय. दोष माझ्या माथी मारा, मला चालेल.

तिच्या सरावाच्या पिशवीत एक कोरडा टी-शर्ट ठेवा. धावून झालं की घामाचा कपडा तिथेच बदलायचा, टॉवेल मैत्रिणींत वाटून वापरायचा नाही. नायटा आणि घामोळं दोन्ही त्यानं बरंच टळतं. आणि येत्या बाजाराला तिला काठवाली टोपी घ्यायला बरोबर न्या. रंग तिचा तिला निवडू द्या. तिनं गडद निवडला तर 'उन्हात काळी टोपी कशाला' म्हणू नका, तोच जास्त ऊन अडवतो.